अंथरूण पाहून पाय पसरणारा

परवा मल्हारचं नाक बंद झालं आणि आमच्या घरात ऑस्ट्रेलिया शिरला.

त्याचं असं झालं. आषाढाची झड तीन दिवस लागून राहिलेली. शाळेतून भिजून आलेले चिरंजीव रात्री घुरघुरायला लागले. आजीने पातेल्यात पाणी उकळलं, निलगिरी तेलाचे दोन थेंब टाकले आणि मल्हारच्या डोक्यावरून चादर ओढून त्याला वाफ घ्यायला बसवलं. चादरीच्या तंबूतून शिंका आणि तक्रारी आळीपाळीने बाहेर येत होत्या.

"आजोबा," ओवीने बाटली हुंगत विचारलं, "हे तेल प्यायलं तर सर्दी आतूनच जाईल ना?"

"खबरदार! ती बाटली आधी वर ठेव. हे हुंगायचं, प्यायचं नाही. चमचाभर पोटात गेलं तरी तुझ्याएवढ्या मुलीला थेट दवाखान्यात न्यावं लागेल. विषच ते." ओवीने बाटली फळीवर ठेवली. मी म्हटलं, "मात्र या पृथ्वीवर एकजण असा आहे, की ज्या पानांतून हे तेल काढतात ती पानं तो रोज अर्धा किलोच्या आसपास खातो. नाश्ता तोच, जेवण तेच. आणि मजेत राहतो."

चादर बाजूला झाली. लाल नाक बाहेर आलं. "कोआला! माझ्या दप्तराला लटकवलाय की. पण आजोबा, तो नुसता झोपतो. वीस-वीस तास. जगातला एक नंबरचा आळशी!"

"आत हो आधी, वाफ चाललीय," आजी म्हणाली.

मी आयुष्यभर दुसऱ्यांचे जमाखर्च लिहिले. आळशी माणूस आणि हिशेबी माणूस दुरून सारखेच दिसतात, हे मला त्या वह्यांनी शिकवलं. दोघेही जागचे हलत नाहीत. पण एक कंटाळा म्हणून, दुसरा परवडत नाही म्हणून. म्हणून मी म्हटलं, "मल्हारराव, कोआलाची वही उघडू या. आधी जमा पाहू, मग खर्च पाहू. त्यानंतर तुम्ही निकाल द्या."

तर जमेच्या बाजूला एकच नोंद: पान. निलगिरी आपण आपली समजतो, कारण दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांवर इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात तिची लागवड केली आणि डोंगराचं नाव झाडाला चिकटलं. मूळ माहेर मात्र ऑस्ट्रेलिया. तिकडे तिच्या सातशेहून अधिक जाती आहेत. बरं, ऑस्ट्रेलियाची जमीन बरीचशी जुनी, झिजलेली, निकस. अशा जमिनीत एकेक पान उगवायला झाडाला केवढे सायास पडतात! मग ते पान कुणीही येऊन ओरबाडावं, हे झाडाला कसं चालेल? झाडाला पळता येत नाही, शिंगं नाहीत, नखं नाहीत. त्याने पानातच दारूगोळा भरला. झोंबणारं तेल, तोंडाला मिठी बसवणारं टॅनिन, आणखी कितीतरी कडू-विषारी द्रव्यं. वर पान चिवट, चोथाच जास्त, आणि प्रथिनं म्हणाल तर नावाला.

"म्हणजे कारल्याच्या भाजीत औषध कालवून ती चामड्यात गुंडाळली तर?" ओवीने विचारलं.

"आणि ती रोज दोन वेळा वाढली तर! आता पंगतीत बघ, बासुंदीच्या पानाभोवती किती धक्काबुक्की होते. निलगिरीच्या पानावर मात्र कुणी बसायलाच तयार नाही. मोजकेच प्राणी तिच्या वाटेला जातात. कोआलाच्या पूर्वजांनी लक्षावधी वर्षांपूर्वी हाच हिशेब केला म्हण. जे कुणालाच नको, ते आपल्याला पचलं तर भांडायला कुणी येणार नाही."

आता असं काही कुणी ठरवून करत नाही, हे ओवीला ठाऊक आहे. तिने तसं लगेच सुनावलंही. बरोबर आहे तिचं. ज्यांना ही पानं थोडी अधिक पचली ते तगले, त्यांची पिल्लं तगली, आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच होत होत आजचा कोआला घडला. गोष्ट सांगताना मी 'ठरवलं' म्हणतो. तुम्ही मनात 'घडलं' असं वाचायचं.

"पण मग विषाचं काय होतं?" तंबूतून प्रश्न आला.

विष पचवायला त्याने घरातच कारखाना बसवलाय. आपलं यकृत असतं ना, ते रक्तातली नको ती द्रव्यं मोडून बाहेर काढतं. त्यासाठी त्याच्याकडे खास विकरं असतात. २०१८ साली शास्त्रज्ञांनी कोआलाची सगळी जनुकं वाचून काढली, तेव्हा दिसलं की विष मोडणाऱ्या या विकरांच्या एका गटाची जनुकं त्याच्यात भरमसाट वाढलेली आहेत. जिथे दुसऱ्याकडे एक हमाल, तिथे याच्याकडे टोळी! गंमत पाहा, आजारी कोआलाला जनावरांचे डॉक्टर औषध देतात तेव्हा ही टोळी त्यालाही विषच समजते. काही औषधं गुण येण्याआधीच शरीराबाहेर निघून जातात.

"मला क्रोसिनच्या गोळीने गुण येत नाही, मीपण कोआला आहे," मल्हारने जाहीर केलं.

"तू गोळी उशीखाली लपवतोस, म्हणून गुण येत नाही," आजीने हिशेब चुकता केला.

तरीही सगळं काम यकृतावर टाकून चालत नाही. म्हणून दाराशी तपासनीस आहे, ते त्याचं भलंमोठं काळं नाक. सातशे जातींतल्या मोजक्याच त्याला चालतात, आणि एका परिसरात तर त्यातल्याही दोन-चारच आवडीच्या. त्यांतही हे पान बरं, ते नको. प्रत्येक पान आधी हुंगायचं, मग तोंडात. कडू चव ओळखणारी जनुकंसुद्धा त्याच्यात पुष्कळ आहेत. बाजारात भेंडी मोडून बघणारी तुमची आजी आठवा, तसा तो.

पान गिळलं की खरी मेहनत सुरू होते. आपल्या लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर एक छोटी बंद पिशवी असते. अपेंडिक्स तिलाच लटकलेलं. आपल्यात ती चार बोटांची. कोआलाचं शरीर फार तर ऐंशी-पंच्याऐंशी सेंटिमीटर लांब, पण त्याची ही पिशवी सुमारे दोन मीटर! शरीराच्या मानाने एवढी मोठी दुसऱ्या कुठल्याच सस्तन प्राण्यात नाही. तिच्यात कोट्यवधी जिवाणू राहतात आणि पानांचा लगदा आंबवत बसतात. घाई नाही. आत गेलेलं अन्न कित्येक दिवस तिथे मुक्कामाला असतं.

"आणि एवढं करून मिळतं किती?" ओवीला आता वहीत रस आला होता.

"तिथेच तर मेख आहे. खूप चावून, खूप आंबवून, विष निपटून हातात पडते ती चिल्लर. जमा संपली. आता खर्चाचं पान उलट."

खर्चाच्या पानावर पहिली ओळ अशी, की शरीराची भट्टीच मंद ठेवायची. विश्रांती घेत असताना त्याच्या आकाराचा दुसरा सस्तन प्राणी जेवढी ऊर्जा जाळतो, त्याच्या जवळपास निम्म्यात कोआला भागवतो. दुसरी ओळ मेंदूची. मेंदू म्हणजे घरातलं सगळ्यात जास्त वीज खाणारं यंत्र. कोआलाचा मेंदू अंगाच्या मानाने लहान, वीसेक ग्रॅमचा, आणि वर आपल्यासारख्या वळ्याही नाहीत, जवळजवळ गुळगुळीत. तिसरी ओळ म्हणजे घरभाडं शून्य. ना घरटं, ना बीळ, ना ढोली. फांदी जिथे दुभंगते त्या बेचक्यात बसायचं. त्यासाठी बुडाकडची लोकर दाट आणि घट्ट, गादीच शिवल्यासारखी. शेपूट तर नावापुरतंही दिसत नाही. आणि चौथी ओळ तुझी लाडकी, मल्हार. चोवीस तासांतले अठरा ते वीस तास झोपायचं, नाहीतर झोपल्यासारखं निवांत बसायचं. उरलेल्या वेळात, बहुतेक करून रात्री, खायचं.

"म्हणजे त्याला चैन म्हणून झोप नाही."

"नाही रे बाबा. चिल्लर खिशात असलेला माणूस रिक्षा करत नाही, तसं आहे ते. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आपण सांगतो. हा प्राणी तिच्यावर जगतो."

पाण्याचंही तेच. कोआला पाणी पीत नाही अशी समजूत पुष्कळ वर्षं होती. पानांत निम्मं पाणीच असतं, त्यावर त्याचं बरंचसं भागतं. पण पाऊस पडतो तेव्हा झाडाच्या खोडावरून ओघळणारं पाणी तो जिभेने चाटतो. २०२० साली सिडनीतल्या संशोधकांनी याच्या नोंदी एकत्र करून छापल्या. म्हणजे पाण्यासाठीसुद्धा शक्यतो खाली उतरायचं नाही!

उन्हाळ्याची त्याची युक्ती तर मला फार आवडते. तिकडे पारा चाळिशीला टेकतो. आपल्याला घाम येतो, कुत्रा जीभ काढून धापा टाकतो. दोघांचंही पाणी खर्च होतं. पाणी खर्च करणं कोआलाला परवडणारं नाही. मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी फ्रेंच आयलंड नावाच्या बेटावर कोआला कुठे, कसे बसतात हे टिपून ठेवलं आणि उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने झाडंही न्याहाळली. थंडीत कोआला वर, पानांजवळ बसत. कडक उन्हाळ्यात मात्र खाली उतरून जाड खोडाला पोट लावून, हातपाय सैल सोडून मिठी मारत. कारण खोड हवेपेक्षा गार! बाभळीच्या कुळातली काही झाडं तर सुमारे पाच अंशांनी गार निघाली. त्या झाडांची पानं कोआला खात नाही, तरी उन्हाळ्यात त्यांच्याकडे जातो. जेवायला एक घर, गारव्याला दुसरं. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. तोवर लोक म्हणायचे, किती लाडिक मिठी मारतो! तो लाडात नव्हताच, शेणाने सारवलेल्या गार जमिनीवर आपण दुपारी आडवे होतो ना, तसा तो उभ्या झाडावर आडवा झालेला असतो.

"आणि झोपेत पडत नाही खाली?"

"हात बघ त्याचे." मी दप्तराचा कोआला काढून घेतला; खेळण्याला बिचाऱ्याला हात म्हणून नुसते दोन चिमटे होते. खऱ्या कोआलाच्या पुढच्या पंजाला पाच बोटं, त्यातली पहिली दोन उरलेल्या तिघांच्या समोर येतात. म्हणजे एका हाताला दोन अंगठे! फांदी अशी पक्की धरली जाते. नखं आकड्यासारखी. मागच्या पायाच्या अंगठ्याला नख नाही, तो पकडीसाठी. शेजारची दोन बोटं कातडीने जोडलेली, पण नखं दोन, म्हणजे झाली फणी. तिने तो अंग विंचरतो. आणि आता कान दे ओवी, तू गुप्तहेर होणार आहेस ना? कोआलाच्या बोटांना ठसे असतात. १९९०च्या दशकात ॲडलेड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. माणसाचे ठसे आणि हे ठसे शेजारी ठेवले तर फरक सांगणं अवघड. आपलं आणि त्याचं घराणं दहा कोटी वर्षांहूनही आधी वेगळं झालं, तरी दोघांना फांदी धरायची, वस्तू चाचपायची गरज पडली आणि दोघांच्या बोटांवर सारखीच नक्षी उमटली.

वाफ संपली होती. आजीने मल्हारचं तोंड पुसलं, छातीला मफलर गुंडाळला आणि त्याला माझ्या अंथरुणावर आणून टाकलं. पुढची गोष्ट पांघरुणात झाली.

"कोआलाला अस्वल म्हणतात ना?"

"म्हणतात, पण तो अस्वल नाही. शास्त्रज्ञांनीही त्याला नाव दिलं ते फास्कोलार्क्टॉस सिनेरियस, म्हणजे राखाडी पिशवीवालं अस्वल. अस्वल चुकलं, पिशवी बरोबर! तो कांगारूसारखा शिशुधानी प्राणी. जवळचा नातलग वोंबॅट, जमिनीत बिळं खणणारा. 'कोआला' हा शब्द सिडनीच्या परिसरातल्या दारुग लोकांच्या 'गुला' या शब्दावरून आला."

कोआलाची मादी सुमारे पस्तीस दिवसांतच पिल्लू जन्माला घालते. केवढं? घेवड्याच्या दाण्याएवढं, जेमतेम दोन सेंटिमीटर. वजन एक ग्रॅमही नाही. डोळे मिटलेले, कान झालेलेच नाहीत, अंगावर लव नाही. पुढचे हात तेवढे बळकट. त्या हातांनी आईच्या लोकरीतून चढत ते आपलं आपण पिशवीत पोचतं आणि सडाला तोंड लावतं. सड तोंडात फुगतो, पिल्लू जणू बूच लावल्यासारखं अडकून बसतं. पुढे सहा महिने तिथेच मुक्काम.

आणि या पिशवीचं तोंड कांगारूसारखं वर नाही, खालच्या बाजूला आहे.

मल्हार उठून बसला. "मग पिल्लू पडेल की! आई झाडावर आणि पिशवी उलटी!"

"तोंडाशी आवळणारा स्नायू आहे, बटव्याच्या नाडीसारखा. आई नाडी घट्ट ओढून धरते. पण खालच्या तोंडाचा एक उपयोग आहे. सांगतो, पण 'ई' म्हणायचं नाही."

पिल्लू सहा महिन्यांचं झालं की दुधावरून पानावर यायची वेळ होते. पण पान पचवणारे जिवाणू त्याच्या पोटात आहेत कुठे? ते घेऊन कुणी जन्माला येत नाही. मग आई काय करते, तर आतड्यातल्या त्या दोन मीटरच्या पिशवीतला मऊ, पातळ लगदा शरीराबाहेर सोडते. नेहमीच्या कोरड्या लेंड्या वेगळ्या, हा वेगळा. आणि पिल्लू पिशवीतून डोकं बाहेर काढून तो खातं.

"ईऽऽऽ!" दोघांनी वचन मोडलं.

आजी ताकाचं भांडं झाकत होती. ती वळून म्हणाली, "त्यात ई काय? दूध नुसतं ठेवलं तर नासतं. कालच्या दह्याचं विरजण लावावं लागतं, तेव्हा दही होतं. माझ्या सासूबाईंनी मला विरजण दिलं, मी तुमच्या आईला दिलं. तिने तिच्या लेकराला दिलं, एवढंच."

पस्तीस वर्षं वह्या लिहिल्या, पण इतकी नेमकी नोंद मला जमली नसती. विरजणच ते! टॅनिनमध्ये अडकलेली प्रथिनं मोकळी करणारा एक जिवाणू शास्त्रज्ञांना कोआलाच्या पोटात सापडला. त्याचं नाव त्यांनी लोनपिनेला ठेवलं, ब्रिस्बेनजवळच्या 'लोन पाइन' या कोआलांच्या जुन्या अभयारण्यावरून. एका आईच्या आतड्यातून दुसऱ्याच्या आतड्यात जाणारं विरजण. ते लागलं की पिल्लू पिशवी सोडून आईच्या पाठीवर बसतं आणि वर्षाचं होईतो पाठीवरून जग बघतं.

"आजोबा, तो कधीच उधळपट्टी करत नाही?"

"करतो की. काटकसरी माणूससुद्धा लग्नात हात सैल सोडतो." वसंत-उन्हाळ्यात नर कोआला रात्री ओरडतो. श्वास घेताना घोरल्यासारखा आवाज, सोडताना ढेकर दिल्यासारखा. (इथे दोघांनी माझ्याकडे का पाहिलं कळलं नाही.) तो आवाज इतका खर्जातला, की हत्तीएवढ्या प्राण्याला शोभावा. एवढ्याशा देहातून तो येतो कुठून? २०१३ साली उलगडा झाला. नेहमीच्या स्वरयंत्राशिवाय त्याच्या घशात, टाळूच्या मागे, स्वरपट्ट्यांची आणखी एक जाड जोडी आहे. दुसऱ्या कुठल्या सस्तन प्राण्यात तोवर तसं काही सापडलं नव्हतं. वजन सात-आठ किलो, दक्षिणेकडच्या थंड भागात बाराच्या आसपास. पण दुरून ऐकणाऱ्या मादीला आणि दुसऱ्या नरांना वाटावं, कोण हा पहिलवान!

मल्हारच्या पापण्या जड झाल्या होत्या. ओवी मात्र जागी होती, आणि तिच्या कपाळावर आठी होती.

"आजोबा, जमेला एकच नोंद आहे ना? पान. मग झाडच गेलं तर?"

मी हाच प्रश्न टाळत आलो होतो. लहान मुलांच्या गोष्टीत तो उशिरा यावा असं वाटतं. पण हिशेब तपासणारा तिथेच बोट ठेवतो.

"तर दिवाळं," मी म्हटलं. "म्हातारपणी दात झिजले तरी तेच होतं. मला कवळी बसवली म्हणून मी भाकरी खातो. कोआलाच्या दाढा चिवट पानं चावून चावून सपाट झाल्या, की पोट भरूनही तो उपाशी राहतो. पण तो निसर्गाचा नेम झाला. माणसाने केलं ते निराळं." मग मी तिला १९२७ सालचा ऑगस्ट सांगितला. क्वीन्सलँड राज्याने शिकारीला मोकळीक दिली, आणि त्या एका महिन्यात पाच लाखांहून अधिक कोआला मारले गेले, कातड्यासाठी. त्या मऊ लोकरीला परदेशांत गिऱ्हाईक होतं. लोक खवळले, वर्तमानपत्रं खवळली, आणि पुढे कायद्याने शिकार बंद झाली. आता बंदूक नाही, पण जंगलं तोडून रस्ते आणि वस्त्या झाल्या. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जायला कोआलाला जमिनीवर उतरावं लागतं. तिथे मोटारी आहेत, कुत्री आहेत, आणि हा तर संथ चालणारा. त्यात डोळे आणि मूत्रमार्ग पोखरणारा क्लॅमिडियाचा रोग. २०१९-२० च्या उन्हाळ्यातले वणवे तर तू टीव्हीवर पाहिलेस. तेल भरलेली झाडं कशी पेटतात ते. फेब्रुवारी २०२२ मध्ये क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि कॅनबेराच्या राजधानी प्रदेशातला कोआला सरकारने धोक्यात असलेला प्राणी म्हणून जाहीर केला.

ओवी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सगळे पैसे एकाच खात्यात ठेवले त्याने."

"हो. आणि त्या खात्याने त्याला लक्षावधी वर्षं व्याज दिलं. चूक त्याची नाही, बाळा. पेढी आपण फोडली."

बाहेर पाऊस थोडा उतरला होता. मल्हार केव्हाच झोपला होता. एक हात दप्तराच्या कोआलावर, तोंड उघडं, नाक मोकळं.

सकाळी सात वाजता त्याच्या आईने तीन हाका मारल्या. पांघरूण हललं नाही. चौथ्या हाकेला आतून आवाज आला, "मी आळशी नाहीये. हिशेबी आहे. आजोबांना विचार."

सून माझ्याकडे बघायला लागली. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

आजी आली, तिने पांघरूण एका झटक्यात ओढलं आणि म्हणाली, "हिशेबी आहेस ना? मग चल. या झाडावरची पानं रात्रीच संपली. खाली उतर. उपमा त्या झाडावर आहे."

मल्हार उतरला. डोळे मिटलेले, संथ चालीने, भिंत धरत, पण उतरला.